पिठलं संपेपर्यंत स्पॅनिश

ऑगस्ट सरेपर्यंत रंजनानं स्पॅनिश शिकणं तीन वेळा सोडून दिलं होतं, आणि तिन्ही वेळा नीट विचार करून. पहिल्यांदा तिनं मोबाइलमधलं शिकवणीचं ॲप काढून टाकलं. ते तिच्याकडून रोज 'माकडाची टोपी लाल आहे' अशा धर्तीची वाक्यं घोकून घेत होतं. लोहगडावर माकडं पुष्कळ होती, पण टोपी घातलेलं एकही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा तिनं व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणलं. ते तिला इतकं आवडलं की गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचून ती मोकळी झाली. तोंडातून शब्द मात्र फुटला नाही. तिसऱ्यांदा ती इंटरनेटवरच्या एका संभाषण-मंडळात शिरली. तिथं सगळे आपापल्या चौकोनात बसून एकमेकांकडे बघून हसत, आणि दुसरं कुणीतरी बोलेल याची वाट पाहत. वाट पाहण्यात रंजनाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

खरं तर सोडून चालणार नव्हतं. रंजना तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात मोजमाप विभागात होती. गाड्यांचे सुटे भाग यायचे आणि ते सांगितलेल्या मापाचे आहेत की नाहीत हे ती केसाहून बारीक फरकापर्यंत तपासायची. कारखान्याची मूळ कंपनी उत्तर स्पेनमधली. तिथल्या प्रयोगशाळेत सहा महिने शिकायला इथून एकाला पाठवायचं ठरलं होतं. त्या प्रयोगशाळेत जमिनीखाली एक खोली होती. वरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी आतलं यंत्र हलू नये म्हणून ती तशी बांधली होती, आणि त्या खोलीत माणसाच्या श्वासानं हवा किती तापते याचासुद्धा हिशोब ठेवत. रंजनानं त्या खोलीचा फोटो पाहिला होता. तिच्या मैत्रिणी समुद्राचे किंवा बर्फाचे फोटो जसे पाहत, तसा ती तो पाहायची.

कामाच्या परीक्षेतून दोघंच उरली होती: रंजना आणि तळेगावचा ओंकार. आता शेवटची पायरी होती, तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बेगोन्याबाईंशी नोव्हेंबरमध्ये व्हिडिओवर अर्धा तास गप्पा. त्याही स्पॅनिशमध्ये. मागच्या वेळी पाठवलेला माणूस सहा महिने कुणाशी अवाक्षर न बोलता परत आला होता, म्हणून ही नवी युक्ती.

"कामाचं काही विचारणार नाहीत," तिच्या विभागाच्या राजेंद्र सरांनी तिला धीर दिला. "नुसत्या गप्पा मारायच्या. सोपं आहे."

 कामाचं विचारलं असतं तर काहीतरी सांगता आलं असतं. नुसत्या गप्पा तिला मराठीतही येत नव्हत्या. ओंकारचं उलटं होतं. त्याला स्पॅनिशचे मोजून मूठभर शब्द येत, पण तेवढ्यावर तो कँटीनमध्ये जेवण होईपर्यंत पूर्ण टेबल हसवत ठेवायचा.

रंजना आठवडाभर तळेगावला कारखान्यातल्याच प्रतीक्षा नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी लोहगडवाडीला घरी यायची. रविवारी तिच्या आईची टपरी जोरात असे. गडाच्या पायऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर निळ्या ताडपत्रीखाली दोन बाकडी, एक चूल, एक गॅस. पिठलं-भाकरी, कांदाभजी, ताक, लिंबू सरबत. वडील शिदूभाऊ भाकऱ्या पुरवायचे, म्हणजे घरी भाजून झाल्या की टोपलीत आणून द्यायचे आणि काही न बोलता परत जायचे. रंजना वडिलांवर गेली होती.

आई बायाबाई तशी नव्हती. भाजे गावाकडून घाट चढून आलेला माणूस टपरीशी टेकला की धापा टाकत एकच प्रश्न विचारी, "मावशी, अजून किती?"

"आलंच की! धा मिन्टं."

समोरचा माणूस काटक असो की गुडघ्याला पट्टा बांधलेला, गड उन्हात लखलखत असो की ढगात गडप, उत्तर तेच. थोडं वर भागूबाईची टपरी होती. ती "पाच मिन्टं" सांगायची. दोघींचं इतर कशावरही एकमत नव्हतं, पण या बाबतीत त्या वर्षानुवर्षं एकमेकींना सांभाळून घेत आल्या होत्या. रंजनाला लहानपणापासून ते सहन होत नसे. पायऱ्या चढायला साधारण माणसाला अर्धा तास लागतो, वर विंचूकाट्याच्या सोंडेपर्यंत जायचं तर आणखी तेवढाच. हे तिनं एकदा शाळेत असताना पाटीवर लिहून टपरीबाहेर लावलं होतं. बायाबाईनं ती पाटी भजी झाकायला घेतली.

तिसऱ्यांदा सोडल्याचं तिनं घरी सांगितलं, तेव्हा बायाबाई कांदा चिरत होती.

"सोडलं? अगं, आलंच की तुजं स्पॅनिश."

"आई, तुला कसं कळलं आलं म्हणून?"

"मग आनी कसं असतंय? चांगलं वरीसभर करतीस."

"चार महिने."

"तेच. अडतंय कुटं?"

"बोलायला कुणी नाही."

"मी हाय की. माज्याशी बोल."

"तुला येतं का स्पॅनिश?"

"मला कुटं बोलायचंय? तुला बोलायचंय. आपुन म्हशीशी बोलतो, ती काय उत्तर देती का? तरी गुमान दूध देती." बायाबाईनं कांदा परातीत लोटला. "उद्याच्याला पिठलं संपस्तवर तुज्या तोंडातून मराठी आली न्हाई पायजे. बोलशील तर स्पॅनिश, न्हाईतर गप."

गप बसण्याची मुभा होती, म्हणून रंजना कबूल झाली.

रविवारी दुपारपर्यंत तिनं त्या मुभेचा पुरेपूर वापर केला. भाकऱ्या वाढल्या, ग्लास विसळले, सुट्टे पैसे परत दिले, सगळं मुकाट. मग चिंचवडचा सात-आठ जणांचा एक घोळका आला. त्यातल्या टोपीवाल्या गृहस्थानं ताटातल्या भज्यांकडे बोट केलं, तेव्हा रंजनाला राहवलं नाही. ती भजी सकाळची होती. ती हळूच स्पॅनिशमध्ये म्हणाली, ही गार झाली आहेत, दुसरी तळते.

"काय म्हणाल्या ह्या?" गृहस्थानं विचारलं.

"ती म्हणती, भजी गरमागरम हायेत, दोन प्लेट घ्या," बायाबाई म्हणाली.

रंजना गर्रकन वळली. "नो! नो एस बेरदाद!" हे खरं नाही, असं ती बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाली, आणि ही सकाळची आहेत, गार आहेत, आणि मी दोन प्लेट असं काही म्हटलेलं नाही, हेही.

"आता काय म्हणाल्या?"

"म्हणती, मानसं जास्त हायेत, चार घ्या."

त्या गृहस्थानं चार प्लेट घेतल्या. त्या ताज्या तळून दिल्या, एवढंच रंजनाला करता आलं. पण तळताना ती बडबडत राहिली. आई, तू असं करू नकोस. मी एक सांगते, तू दुसरंच सांगतेस. लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात. मधे दोनदा शब्द अडला, तेव्हा तिनं झाऱ्यानं हवेत खुणा केल्या आणि पुढे गेली. घोळका निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की एवढं सलग ती कुठल्याच भाषेत कधी बोलली नव्हती.

"झालं का बोलून?" बायाबाईनं विचारलं. "न्हाई, पिठलं हाय अजून थोडं."

पुढच्या रविवारी बायाबाईचं भाषांतर आणखी सैल झालं. एका आजोबांनी गड किती दूर म्हणून विचारलं. धा मिन्टं, बायाबाई म्हणाली. रंजनानं ताबडतोब स्पॅनिशमध्ये सांगितलं की आजोबा, निदान चाळीस, आणि मधे बसून घ्या, पाणी बरोबर ठेवा. "ती बी तेच म्हणती," बायाबाईनं आजोबांना सांगितलं. मग रंजना बोटं दाखवायला लागली. दोन्ही हात चारदा उघडून मिटले, पावलं टाकून दाखवली, छातीवर हात ठेवून धाप लागल्याचं सोंग केलं. आजोबा कौतुकानं म्हणाले, "नाचते छान."

त्यानंतर बायाबाईनं एका कॉलेजच्या टोळक्याला समोरच्या विसापूर गडाकडे बोट करून "तो बगा तिकोना" असं सांगितलं. रंजना थक्क झाली. बायाबाईचं माहेर विसापूरच्या पायथ्याला होतं. तो विसापूर आहे, तिकोना हा गड पवना धरणाच्या पलीकडे, इथून उजवीकडे, तुंगच्या अलीकडे, हे सांगण्यात रंजनाचे डावीकडे, उजवीकडे, पलीकडे, अलीकडे, उंच, बुटका असे सगळे शब्द एका दमात वापरून झाले. टोळक्यातल्या एकानं टाळ्या वाजवल्या. "काय म्हणली ओ ती?" "पिठलं-भाकर घ्या म्हणती," बायाबाई म्हणाली.

वरून भागूबाई एकदा मुद्दाम खाली आली. "बाये, तुजी पोरगी सकाळधरनं कुणाला शिव्या देती गं?"

"शिव्या न्हाईत. शिकती ती."

"लय जोरात शिकती. माज्या गिऱ्हाइकाला वाटतंय खाली भांडान लागलंय, ते बगायला परत खाली येतंय."

"मग येऊ दे की."

भागूबाई पदर खोचून वर गेली, पण त्यानंतर तिचं खाली येणं वाढलं. आज कशावरून, एवढं ती विचारायची.

तळेगावच्या खोलीत प्रतीक्षाला वेगळी काळजी लागली. कंपनीच्या बसमध्ये रंजना खिडकीला डोकं टेकून पुटपुटायची, मधेच कपाळाला आठी घालायची.

"कुणाशी भांडतेस गं?"

"आईशी."

"फोन तर बंद आहे."

"रविवारची तयारी आहे. मागच्या वेळी ती म्हणाली की सोनकीची पिवळी रानफुलं खाल्ली की ताप उतरतो. मला 'पुरावा' हा शब्द आठवला नाही."

प्रतीक्षानं कानात इयरफोन घातले. रंजना पुन्हा पुटपुटायला लागली. सकाळी दात घासताना, मापं घेताना, डबा खाताना आईचं एक धडधडीत चुकीचं वाक्य तिच्या मागे लागलेलं असायचं, आणि त्याचं उत्तर नीट देता येईपर्यंत सुटका नसायची. चौथ्यांदा सोडून द्यायचं तिच्या मनात होतं. त्याला वेळच मिळाला नाही.

ऑक्टोबरमध्ये मात्र एक प्रकार घडला. पुण्यात स्पॅनिश शिकवणाऱ्या एक बाई विद्यार्थ्यांना घेऊन गडावर आल्या होत्या. टपरीवर स्पॅनिश ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की सरबत तसंच ठेवून त्या रंजनाशी बोलायला लागल्या. तुमचं नाव काय, कुठं शिकलात, किती सुंदर जागा आहे ही. रंजना "सी" म्हणाली. हो. बाई म्हणाल्या, तुमची भजी उत्तम आहेत. भजी खरंच उत्तम होती. "सी," रंजना म्हणाली. बाई म्हणाल्या, हवा किती छान आहे. हवा छान होती. "सी."

बाईंचा चेहरा हळूहळू पडत गेला.  डोक्यात शब्द भरपूर होते, पण बाईंचं प्रत्येक वाक्य जागच्या जागी बरोबर होतं, त्यात आणखी काय घालायचं ते तिला कळेना.

"ही दोन वर्सं स्पेनला राहून आलीय," बायाबाई मागून म्हणाली.

"नो!" रंजना उसळली. मी पुण्याच्या पलीकडे गेलेले नाही, आणि आईला स्पेन कुठे आहे हेही माहीत नाही, परवा तिनं ते दुबईच्या शेजारी आहे असं सांगितलं, आणि शिकायला लागून मला सहा महिनेसुद्धा झालेले नाहीत. बाई हसून हसून बाकावर बसल्या. पुढचा अर्धा तास रंजना थांबली नाही.

संध्याकाळी भांडी घासताना तिनं या घटनेचा शांतपणे विचार केला. निष्कर्ष एकच निघत होता आणि तो फार वाईट होता. समोरचा चुकला तरच तिचं तोंड उघडत होतं. बेगोन्याबाई चाळीस माणसांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. त्या चुकणार नव्हत्या.

आणि त्या चुकल्या नाहीत. नोव्हेंबरातल्या त्या दुपारी राजेंद्र सरांनी तिला मीटिंगच्या खोलीत बसवलं, पडदा चालू करून दिला आणि दार ओढून घेतलं. पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांच्या, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या एक बाई होत्या. मागच्या खिडकीत पाऊस दिसत होता. त्या म्हणाल्या, आमच्याकडे पाऊस आहे. होता. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे ऊन दिसतंय. होतं. भारतात जेवण तिखट असतं असं ऐकलं आहे. "सी," रंजना म्हणाली. कुटुंबात कोण कोण? आई, वडील. त्यांचं काय चालतं? टपरी आहे. छान. हो, छान.

मग शांतता पसरली. आदल्याच दिवशी ओंकारच्या गप्पा झाल्या होत्या, आणि बंद दारातूनही बाईंचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. रंजनाला जमिनीखालची ती खोली आठवली. तिथं इतकीच शांतता असेल, असं तिला वाटून गेलं.

बेगोन्याबाईंना तिची दया आली असावी. त्या पुढे वाकल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "घाबरू नका. तुमचं स्पॅनिश फार चांगलं आहे."

"नाही," रंजना म्हणाली.

"नाही?"

"नाही. ते चांगलं नाही." आणि मग तिला थांबता येईना. आत्तापर्यंत मी बोलले त्यातले निम्म्याहून जास्त शब्द 'हो' आणि 'छान' आहेत, तेवढ्यावरून चांगलं म्हणणं हे अपुऱ्या नमुन्यावरून काढलेलं अनुमान आहे. झालेल्या गोष्टी मी अजून चालू असल्यासारख्या सांगते. घाईत असले की बायकांना पुरुष करते आणि भांड्यांना बायका. फोनवर मला अर्धंच कळतं. पाऊस, भाजी, तेल, डोंगर, वाट, खोटेपणा यांच्याबद्दल मी बरं बोलते, कारण त्याचा सराव झाला आहे. बँक, डॉक्टर, घरभाडं यांबद्दल मला काहीच येत नाही. तुम्ही दयाळूपणे बोलता आहात, पण ते बरोबर नाही.

ती श्वास घ्यायला थांबली. बेगोन्याबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला होता.

"म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे," त्या सावकाश म्हणाल्या, "मी तुम्हाला निवडू नये."

 युक्तिवादात कुठे फट नव्हती. तो तिनं स्वतःच इतका पक्का बांधला होता. क्षणभर वाटलं, "सी" म्हणावं आणि उठावं.

"मापात चूक असतेच," ती म्हणाली. शब्द शोधत, एकेक करून. "चूक असणं हे वाईट नाही. ती किती आहे हे माहीत नसणं वाईट. माझी किती आहे ते मी तुम्हाला आत्ता सांगितलं."

बेगोन्याबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. 

"हे असं बोलायला कुठं शिकलात?" बेगोन्याबाईंनी विचारलं.

"भज्यांच्या टपरीवर. माझी आई सतत चुकीचं सांगते." मग तिनं भज्यांचं, आजोबांचं, विसापूरचं सांगितलं. बाहेर राजेंद्र सर दोनदा काचेतून डोकावून गेले. वेळ केव्हाच संपला होता.

बेगोन्याबाई शेवटी म्हणाल्या, "काल ओंकार माझ्याशी छान बोलले. मी अजून ठरवलेलं नाही. आणि एक आहे. आईबद्दल तुम्ही जे सांगता आहात ते एकाच बाजूनं घेतलेलं माप आहे. तसं मी घेत नाही. रविवारी मी फोन करते. आईंना विचारायचंय."

रविवारी टपरीवर गर्दी होती. मोबाइलला रेंज फक्त साखरेच्या डब्यामागच्या कोपऱ्यात मिळे, म्हणून बायाबाईला तिथं स्टुलावर बसवलं होतं. तिनं लुगडं बदललं होतं आणि भागूबाईला बोलावून घेतलं होतं. प्रसंगाला चार माणसं असलेली बरी, असं तिचं म्हणणं.

"आई, ती फक्त एक-दोन प्रश्न विचारणार. तेवढंच सांगायचं."

"असं कसं? पोरगी परमुलखात मागत्यात. चौकशी नको व्हय करायला?"

"मागत नाहीत अजून. ठरवतायत."

"तेच ते."

फोन वाजला. बेगोन्याबाईंच्या मागे स्वयंपाकघर होतं, त्यांच्याकडे सकाळ होती. त्यांनी नमस्कार केला. बायाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि त्यांना पहिला प्रश्न विचारू दिलाच नाही.

"बाई, पोरगी ऱ्हानार कुटं?"

रंजनानं भाषांतर केलं. बेगोन्याबाई जरा दचकल्या, मग म्हणाल्या की कारखान्याजवळ एक विधवा बाई खोली देते, स्वच्छ आहे, फक्त ती बाई फार बोलते.

"हे चांगलं हाय," बायाबाई भागूबाईकडे वळून म्हणाली. "पानी कुटनं येतंय? भाकरी मिळंल का? शेजारपाजार कसा? तुमाला पोरं किती?"

रंजना धावत होती. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू होई. पाणी नळाला. भाकरी नाही, पाव मिळेल. शेजार चांगला, पण पाऊस फार. मुलगी आहे एक, ती जर्मनीत असते, वर्षातून एकदा येते.

"मग तुमाला बी ठावं हाय म्हणायचं," बायाबाई म्हणाली.

हे रंजनानं जसंच्या तसं सांगितलं. "सी," बेगोन्याबाई म्हणाल्या. मग त्यांना आपलं काम आठवलं.

"तुमची मुलगी म्हणते, तुम्ही सतत चुकीचं सांगता. खरं आहे का?"

रंजनानं ते मान खाली घालून मराठीत सांगितलं. भागूबाई खुदकन हसली.

"व्हय की," बायाबाई म्हणाली. "त्याबिगर ही बोलती कदी? ल्हान होती तवाधरनं. 'दूध पी' म्हटलं की गप. 'दूध प्यालीस बग' म्हटलं की लगीच, 'न्हाई प्याले, अर्दं हाय अजून.' 'शाळंत काय झालं' इचारलं की गप. 'आज शाळंत मारलं व्हय गं तुला' म्हटलं की समदी शाळा सांगत बसायची."

रंजना सांगत होती. दुधापर्यंत ती सुरळीत पोचली. शाळेपाशी तिचा आवाज अडखळला, कारण ती वाक्यं बेगोन्याबाईंच्या कानावर पडता पडता तिच्याही कानावर पहिल्यांदाच पडत होती. तिनं आईकडे पाहिलं. बायाबाई कढईकडे बघून ओरडली, "भागू, भजी बग, करपत्यात!"

"सगळं सांगितलंत का?" बेगोन्याबाईंनी विचारलं.

"सगळं."

"काहीही न बदलता?"

"काहीही न बदलता."

"इचार झाला माजा," बायाबाई मधेच म्हणाली. "बाई बरी वाटती. सांग तिला, पाठवते म्हनावं पोरीला."

रंजनाचे कान तापले. अजून कुणी बोलावलेलं नव्हतं. पण आत्ताच दिलेला शब्द मोडणं तिला जमणारं नव्हतं. "आई म्हणते," ती पुटपुटली, "ती मला पाठवायला तयार आहे."

बेगोन्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. "त्यांना सांगा, मी आभारी आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात या."

रंजनाला ते मराठीत म्हणायला वेळ लागला. 'मार्च' एवढाच शब्द आधी निघाला. बायाबाईनं तिच्या चेहऱ्याकडे बघून बाकीचं ओळखलं. भागूबाईनं झारा टाकून टाळी वाजवली. बाकावरच्या गिऱ्हाइकांनीही काय झालं ते न कळता वाजवली.

"पर मार्चात न्हाई जमायचं," बायाबाई म्हणाली.

"आई!"

"मार्चात भागूच्या नातीचं लगीन हाय. वाडीतलं कार्य सोडून जानार व्हय? सांग तिला."

रंजनानं आईकडे पाहिलं, भागूबाईकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. जमिनीखालची ती खोली तिच्या डोळ्यांसमोर आली आणि तिचं दार हळूहळू ओढलं जायला लागलं. मग तिनं घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. लग्न, नात, वाडी, आणि टपरी-टपरीतलं भांडण वेगळं आणि कार्य वेगळं, हेसुद्धा, कारण ते सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ लागला नसता.

बेगोन्याबाईंनी कॅलेंडरचं पान उलटलं. "एप्रिल," त्या म्हणाल्या. "तोवर आमचीही थंडी सरेल."

"एप्रिल चालंल," बायाबाईनं मान्यता दिली. "आन् म्हनावं, लग्नाला तुमी बी यायचं. आमंत्रण समजा."

"माज्या नातीचं लगीन, आन् आमंत्रण ही देती!" भागूबाई म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून फोनपुढे वाकली. "या हां बाई. मीच बोलावते."

रंजनानं दोन्ही आमंत्रणं पोचवली. बेगोन्याबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, लग्नात काय नेसतात? यावर बायाबाई आणि भागूबाई दोघींना एकाच वेळी, आणि अगदी उलटसुलट, खूप काही सांगायचं होतं. रंजनानं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, गॅस बारीक केला आणि दोघींच्या मधे जागा करून बसली.